तीन गाठींची पिशवी

सकाळी सव्वासातला त्या घरात तीन कामं एकाच वेळी चालत. सून ओट्याशी उभी राहून डबे भरी, सासू खुर्चीवर बसून भाजी निवडी आणि नणंद न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावी. नळ सोडल्याचा आवाज येई. पाचेक मिनिटांनी नणंद बाहेर येई तेव्हा तिच्या मुठीत एक वापरलेली सुई असे.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. एकोणिसाव्या वर्षी तिच्या शरीरानं इन्सुलिन तयार करणं थांबवलं होतं आणि गेली पाच वर्षं ती दिवसातून तीनदा ते टोचून घेत होती. हे घरातल्या चौघांना आणि लांबच्या एका डॉक्टरला माहीत होतं. इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं.

मुठीतली सुई सासू घेई. ती दुधाच्या रिकाम्या पिशवीत घाले, पिशवीची घट्ट वळकटी करी, वळकटी ओल्या चहापत्तीत खुपसे आणि तो सगळा ऐवज भाजीच्या सालांसकट काळ्या पिशवीत जाई. मग काळ्या पिशवीला गाठ. एक नव्हे, तीन.

"एक घरासाठी, एक लोकांसाठी आणि एक माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून," सासू म्हणे.

सासूची थोरली बहीण फिट्स येतात म्हणून लग्नानंतर दोन महिन्यांत माहेरी परत आली होती. उरलेली बत्तीस वर्षं तिनं भावाच्या घराच्या मागच्या खोलीत काढली. सासूनं ती खोली पाहिली होती. धाकटीसाठी आता स्थळं बघणं सुरू होतं, आणि त्या खोलीचं दार सासूला रोज दिसत होतं. त्यामुळे तिच्या गाठींना हसणं सोपं नव्हतं.

सून मोठ्या दवाखान्याच्या रक्ततपासणी विभागात काम करी. तिथे सुईसाठी जाड पांढरा डबा होता, रक्त लागलेल्या प्लॅस्टिकसाठी लाल पिशवी, बोळ्यांसाठी पिवळी. नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तीच शिकवी. सुईला टोपण परत घालायचं नाही, डबा पाऊण भरला की बंद करायचा. शेवटी एक वाक्य ठरलेलं असे. "कुणाला सुई टोचली तर चूक टोचलेल्याची नसते, ज्यानं ती तिथे टाकली त्याची असते."

घरी तिनं हे एकदा सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी.

"आई, सुया जाड डब्यात साठवू या. भरला की मी लॅबमध्ये नेऊन टाकीन."

"डबा दिसला की चार माणसं विचारतात. आणि तुझ्या लॅबमधली माणसं काय मुकी आहेत?"

सुनेनं विषय सोडून दिला. आपण सांगितलं, एवढ्यावर तिचं समाधान झालं. तेव्हापासून तीही रोज डबे भरता भरता त्या तीन गाठी बघत होती.

इमारतीचा कचरा नेणाऱ्या बाईला सगळे पारखी म्हणत. हे नाव तिला तिच्या हातांनी मिळवून दिलं होतं. प्लॅस्टिकचा तुकडा कानाशी धरून चुरगाळला की तो कोणत्या ढिगात जाणार हे ती आवाजावरून सांगे. इमारतीच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे ताडपत्री अंथरून ती दिवसभर निवड करी, आणि शेजारी फळांच्या खोक्यात जुन्या चादरीवर तिची सहा महिन्यांची मुलगी पडलेली असे. मुलगी दुपट्यात घट्ट गुंडाळलेली असायची, म्हणून तिचं नाव पुडी. भूक लागली की पुडी खोक्याच्या पुठ्ठ्याला लाथा मारी. मग पारखी साबणानं कोपरापर्यंत हात धुवून तिला पाजायला घेई.

वर्षापूर्वी इमारतीची बैठक झाली होती. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आणि अंगाला इजा करणारा तिसरा, असं ठरलं. त्या दिवशी पारखीनं बादलीभर पाणी मागवलं आणि त्यात पाण्याच्या बाटलीचे तुकडे आणि तिच्याच टोपणाचे तुकडे टाकले. बाटली बुडाली. टोपण तरंगलं.

"एकाच बाटलीचं डोकं तरंगतं आणि अंग बुडतं," ती म्हणाली. "दोन्ही एकत्र वितळवलं तर दोन्ही वाया. तुम्ही सगळं कालवून देता, मी ते परत वेगळं करते. तुम्हाला घरात एक मिनिट लागेल त्याला मला अर्धा तास लागतो. आणि खरकट्यात भिजलेला कागद तर देवही सुटा करू शकत नाही."

सुनेनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. घनतेचा हा प्रयोग ती कॉलेजात शिकली होती, पण शिक्षकांनी इतका नेटका करून दाखवला नव्हता.

हळूहळू इमारत सुधारली. काही घरांत जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवल्या गेल्या, काचेच्या बरण्या टाकण्याऐवजी दुकानातून परत भरून यायला लागल्या, तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सालांचं खत करायला घेतलं. आधी पारखी त्यांना पाठीमागे 'खरकटे मास्तर' म्हणे. आता ती त्यांना नुसतं मास्तर म्हणू लागली, आणि ही बढती मास्तरांच्या कानावरही गेली होती.

तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार मात्र तीन गाठींवर ठाम होतं.

"वहिनी, तुमची पिशवी सोडायची म्हणजे मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते," पारखी दारात म्हणे. "आत दागिने आहेत का?"

"दागिने असते तर तुझ्या हातात दिले असते का?" सासूचा आवाज आतून येई.

"तेच म्हणते मी, मावशी. कचराच आहे, मग एवढा पहारा कशाला?"

"घरातलं उघडं टाकायची आमच्यात पद्धत नाही."

"तुमची पद्धत माझ्या नखांना विचारा."

सून हसे. त्या दोघींच्या मधे उभं राहून हसणं हे सगळ्यात कमी त्रासाचं होतं.

त्या मंगळवारी पारखीनं चार घरांच्या पिशव्या ताडपत्रीवर ओतल्या. दुधाची पिशवी आतून स्वच्छ असली की चांगल्या ढिगात जाते, म्हणून ती प्रत्येक पिशवी उलगडून पाण्यात बुडवी आणि दोन तळव्यांत दाबून हवा-पाणी काढी. एक वळकटी तिला जरा जाड वाटली. तिनं ती नेहमीसारखी दाबली. सुई अंगठ्याच्या बुडाशी, मांसल भागात शिरली.

दुधाच्या पिशव्या सगळ्या घरांत एकसारख्याच येत. ही कुठल्या घरातली, हे कळायला मार्ग नव्हता. पुडीला मास्तरांच्या बायकोकडे सोपवून पारखी जिना चढू लागली. प्रत्येक दाराशी थांबून, आवाज न चढवता तिनं एकच प्रश्न विचारला.

तिसऱ्या मजल्यावर दार सुनेनं उघडलं. ती कामावर निघाली होती, एका पायात चप्पल होती. न्हाणीघरात धाकटी होती. सासू सुनेच्या मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुमच्याकडे कुणी सुई घेतं का?" पारखीनं हात पुढे केला. ठिपक्याएवढं रक्त होतं. "मला टोचली. भांडायला नाही आले. कुणाची ते कळलं तर बरं, दवाखान्यात विचारतात."

"आमच्याकडे कुणी आजारी नाही," सासू म्हणाली.

पारखीनं सासूकडे बघितलं नाही. ती सुनेकडे बघत होती.

सुनेला त्या क्षणी सगळं माहीत होतं. कुणाची सुई, कोणत्या तासाची, किती जाडीची, तिच्यातून काय पसरू शकतं आणि काय नाही. ती म्हणाली, "हात वाहत्या पाण्याखाली धर. साबण लाव. जखम पिळू नकोस. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, उशीर करू नकोस."

"बरं," पारखी म्हणाली. मग ती समोरच्या दाराकडे वळली.

सुनेनं दुसऱ्या पायात चप्पल घातली. सल्ला अगदी बरोबर होता, असं तिनं जिना उतरताना स्वतःला सांगितलं. तो होताही बरोबर. तिनं लपवलं तेवढंच चूक होतं.

दुपारी बाराला एक नमुना तिच्या टेबलावर आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कचरा निवडताना सुई टोचली. सुई कुणाची, माहीत नाही. स्तनपान चालू.

सुई ताजी होती आणि कुणाची ते कळत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी एचआयव्हीचा धोका पत्करला नाही. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. पुढच्या तपासण्या होईपर्यंत बाळाला अंगावर पाजू नये असं सांगितलं. सुई कुणाची ते कळलं, त्या माणसाचं रक्त तपासून स्वच्छ निघालं, तर हे सगळं लगेच थांबवता येईल, असंही ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य सुनेला कुणी सांगायची गरज नव्हती. विभागाच्या भिंतीवरचा तक्ता तिनंच लावला होता.

आज संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी स्थळाकडून निरोप आला होता, मंडळी दोन आठवड्यांनी येणार होती. सासू पडदे धूत होती. नवऱ्याला तिनं बाजूला घेऊन सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "गोळ्या सुरू झाल्यात ना? मग काळजी घेतली जातेय तिची."

उद्या सांगू, असं तिनं मग ठरवलं.

पारखी कामावर येत राहिली. गोळ्यांनी तिला उलट्या होत. शेडच्या मागे जाऊन ती ओके, चूळ भरी आणि परत ताडपत्रीवर बसे. पुडीनं बाटली तोंडाला लावू दिली नाही. पहिले तीन दिवस ती रडली. दूध समोर होतं, त्याचा वास येत होता, आणि आई मान वळवून बसत होती, हे सहा महिन्यांच्या मुलीला कोण समजावणार? चौथ्या दिवशी भुकेनं तिनं बाटली घेतली. आठव्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. शेडमध्ये बाटली उकळायला चूल नव्हती.

सून येता-जाता हे बघत होती. अंगावरचं दूध काढून टाकत राहिलं तर ते आटत नाही, हे तिला माहीत होतं. पारखीला हे कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनंही सांगितलं नाही, कारण सांगायला गेली असती तर पारखीनं पुन्हा तिच्याकडे तसं बघितलं असतं. ती शेडच्या बाजूचं फाटक टाळून पुढच्या फाटकानं जाऊ लागली.

दहाव्या दिवशी दुपारी बालविभागातून एक चिठ्ठी आली. वय सहा महिने, मुलगी, शरीरातलं पाणी कमी झालेलं. आईचं नाव सुनेनं दोनदा वाचलं. त्या कागदी नावाची तिला ओळखही नव्हती, पत्ता इमारतीमागच्या शेडचा होता, त्यावरून कळलं.

त्या संध्याकाळी ती घरी एक रिकामी नळी आणि दंडाला बांधायची पट्टी घेऊन आली. धाकटीला म्हणाली, "हात दे. तुझी नेहमीची तपासणी राहिली आहे."

धाकटीनं बाही वर केली. मग ती नळी बघत म्हणाली, "वहिनी, साखरेच्या नळीचं टोपण करडं असतं. हे लाल आहे."

सुनेनं नळी मुठीत झाकली.

"पारखीसाठी आहे ना?"

"तुला काय माहीत?"

"त्या दिवशी मी न्हाणीघरात होते. ती दारात बोलत होती ते सगळं ऐकू येत होतं." धाकटीचा आवाज खाली गेला. "मी नळ अजून मोठा सोडला. पाणी वाया घालवत उभी राहिले, ती समोरच्या दाराकडे जाईपर्यंत."

दहा दिवस एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत, दोघींनी तीच गोष्ट आपल्या एकटीची म्हणून वागवली होती.

"आणि हे रक्त कुणाच्या नावानं देणार होतीस?"

"ठरवलं नव्हतं. बिननावाचं."

"बिननावाचंच तर तिला टोचलं," धाकटी म्हणाली. तिनं बाही खाली ओढली. "चल. मी तिथे येऊन देते. नाव घालून."

सासू दारात आडवी उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला नाही. "चार दिवस थांब," ती म्हणाली. "ती माणसं येऊन जाऊ देत. मग मी स्वतः जाऊन सांगेन. मी माझ्या बहिणीची खोली बघितली आहे गं. तुला नाही माहीत."

"आई, मावशीनं काही केलं नव्हतं. तिला दुसऱ्यांनी खोलीत ठेवलं." धाकटी चपला घालत होती. "मी केलंय. तिची मुलगी माझ्या सुईनं आजारी आहे. लग्न मोडलं तर मोडलं. हे लपवून झालं तर मी रोज न्हाणीघरातच राहणार ना, कुठल्यातरी दुसऱ्या घराच्या?"

सासूनं चौकटीवरचा हात काढला. काढला, एवढंच. बाजूला व्हायला तिला आणखी थोडा वेळ लागला.

रक्त स्वच्छ निघालं. तासाभरात निकाल आला. डॉक्टरांनी कागद वाचला, धाकटीला बसायला सांगितलं आणि सुनेला उभंच ठेवून विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग या गोळ्या सुरू करायचीच गरज नव्हती." ते रागावले नाहीत. त्यांनी पारखीच्या कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तारीख घातली.

बालविभागात पारखी खाटेच्या कडेवर बसली होती. पुडीच्या पायाला सलाईन होतं आणि ती झोपली होती. धाकटीनं आपणच सांगितलं. कुणाची सुई, काय आजार, तो कुणाला लागत नाही, गोळ्या आजपासून बंद. पारखीनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढीशी पोर आणि रोज टोचून घेतेस," ती धाकटीला म्हणाली. "दुखतं का?"

"सवय झाली."

"हं." मग तिनं सुनेकडे मान वळवली. "वहिनी, सुई टोचली त्याचं काही नाही. काच लागते, पत्रा लागतो, सुया याआधीही दोनदा लागल्यात. आमच्या धंद्यात हाताला डोळे नसतात. पण त्या दिवशी मी दारात उभी होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलंच. मावशी बोलल्या, तुम्ही बोलला नाहीत. खोटं बोलणाऱ्याकडे नाही, मी तुमच्याकडेच बघत होते."

सुनेला माफी मागायची होती. पण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि या बाईकडून आपण आधीच पुष्कळ घेतलं आहे, हे तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आता पाजता येईल. लावून बघ. सुरुवातीला येणार नाही, पण लावत राहा."

पारखीनं महिनाभर लावून बघितलं. दूध परत आलं नाही. पुडी बरी झाली, बाटलीवर वाढली, पण वजनाच्या तक्त्यावरची तिची रेघ त्या पंधरवड्यात जी खाली आली, तिला पुन्हा आपल्या जागी यायला पाच महिने लागले. हा तक्ता सुनेनं पाहिला. तिनं मागून घेऊन पाहिला.

स्थळाकडच्या मंडळींना धाकटीनंच सांगितलं. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. ते अजून विचार करत आहेत.

सुनेनं जाड झाकणाचा एक डबा दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. धाकटीनं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सुया. तिसरा मजला, डावीकडे. सासूनं दोन दिवस त्या डब्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या झाकणावरची धूळ पुसली.

पुढच्या दोन आठवड्यांत एक-एक दार वाजत गेलं. कुणी पिशवीखाली झाकून आणलं, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. "तुम्ही तुमचा डबा लॅबमध्ये नेताच आहात, तर हेही नेता का?" एकाच्या आईला साखर होती, एकीचं कसलंसं हाडांचं इंजेक्शन चालू होतं, मास्तर स्वतः गेली सात वर्षं टोचून घेत होते आणि बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मिळून चार डबे झाले. सुनेनं ते ओळीनं मांडले तेव्हा तिला उमगलं की त्या मंगळवारी पारखी या चारही दारांत उभी राहिली होती, आणि चारही दारांतून तिला "नाही" मिळालं होतं. सुई तिच्या घरची निघाली. ती कोणाचीही निघू शकली असती.

कॉलेजात तिला शिकवलं होतं की वस्तू नष्ट होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलते. गाठ मारून दारात ठेवलेलंही नष्ट होत नाही. कुणाच्या तरी हातात जाऊन ते उघडतं.

आता त्या घरातून तीन वेगवेगळी भांडी बाहेर येतात. कागद कोरडा असतो, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवलेल्या असतात, ओल्या कचऱ्याचा डबा तर आठवड्यातून चारच दिवस भरतो, कारण सासू आता मोजून शिजवते. गाठ कशालाच नसते. पारखी सगळ्यांशी पूर्वीसारखी बोलते, मावशींना टोमणेही मारते.

फक्त एक बदल झाला आहे. इतर घरांचा सुका कचरा ती घेते आणि सरळ गोणीत ओतते. या दाराशी मात्र ती धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा उचलते, कानाशी नेते आणि हलक्या हातानं हलवून ऐकते. मग गोणीत टाकते.

सून रोज तिथे उभी असते. तिला कामावर जायला उशीर होतो, पण पारखीचं ऐकून होईपर्यंत ती दार लावत नाही.